पाटाचे पाणी, विहिरीचे पाणी : ओझर येथील भूजल पुनर्भरणाचे प्रकरण

नाशिक जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरत जातो. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या घाटमाथ्यावर वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सिन्नर, येवला, नांदगाव गाठेपर्यंत तो पाचशे-सहाशेवर येतो. धरणे पश्चिमेला, बागायतीची मागणी पूर्वेला आणि दोन्हींना जोडणारे पाट मधल्या पट्ट्यातून गेलेले, अशी या जिल्ह्याची रचना आहे. निफाड तालुक्यातील ओझर याच मधल्या पट्ट्यात, बाणगंगा नदीच्या काठी वसले आहे. बाहेरच्या लोकांना हे गाव विमान कारखान्यामुळे ठाऊक असते. पाण्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना मात्र ते पाणीवापर संस्थांमुळे, म्हणजे पाटाचे पाणी घेऊन त्याचे वाटप स्वतः करणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांमुळे, ठाऊक आहे. या लेखात त्या संस्थांच्या कामाचा एकच पैलू तपासला आहे. पाटाच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, मिळालेले पाणी नदी-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून ते विहिरींपर्यंत कसे पोहोचवले गेले, खडकाने त्याला कितपत साथ दिली आणि त्या पाण्याचा हिशेब कोणी, कसा ठेवला, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याचा उजवा कालवा दिंडोरी तालुक्यातून वाहत येऊन ओझरच्या शिवारात संपतो. कागदोपत्री ओझरचे क्षेत्र लाभक्षेत्रात होते, पण कालव्याच्या वरच्या भागात पाणी उचलले जाई आणि टेलच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आवर्तनाची, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीची, केवळ तारीख येई. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून या शेतकऱ्यांना संघटित केले, आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. घनमापन पद्धतीने, म्हणजे एकरावर नव्हे तर प्रत्यक्ष मोजून, पाणी घ्यायचे आणि त्याचे वाटप संस्थेने आपल्या हाती ठेवायचे, हा त्यांचा पाया होता. पुढे वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्रात अशा संस्था स्थापन झाल्या आणि प्रकल्पस्तरीय महासंघाकडे व्यवस्थापन आले. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ हा कायदा २००५ मध्ये झाला, म्हणजे ओझरची सुरुवात त्याच्या बरीच आधीची आहे.

हा इतिहास अनेकांनी सांगितला आहे. त्यातली एक बाब मात्र मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. ती म्हणजे या संस्थांनी पाट आणि विहीर यांना पाण्याचे दोन वेगळे स्रोत मानले नाही. हक्काच्या कोट्यातले काही पाणी, तसेच पावसाळ्यात धरण भरल्यावर मिळू शकणारे जादा पाणी, बाणगंगेवरच्या आणि नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडण्यात आले, आणि त्यामुळे ज्या विहिरींना पाणी आले त्यांच्यावर भिजणारे क्षेत्रही संस्थेच्या पाणीपट्टीत धरण्यात आले. पुनर्भरण आणि वसुली यांची ही जोडी महाराष्ट्रात अतिशय दुर्मीळ आहे.

खडक काय देऊ शकतो

ओझरच्या खाली दक्खनचा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांनीच आज महाराष्ट्राचा सुमारे ८१-८२ टक्के भूभाग व्यापला आहे. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर भूशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळतात. वरची काळी माती संपली की मुरूम लागतो. त्याखाली बहुधा मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा, पांढऱ्या खनिजांचे ठिपके असलेला मऊ खडक. आणि त्याखाली काळा पाषाण, ज्याला सुरुंगाशिवाय हात लागत नाही. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एका लाव्हाप्रवाहाचा माथा पुढचा प्रवाह येण्यापूर्वी झिजून तयार झालेला हा थर सहसा चिकणमातीचा असतो आणि पाणी खाली जाऊ देत नाही.

पाणी साठते ते प्रामुख्याने मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या सांध्या-भेगांत. अखंड पाषाणात जवळजवळ काहीच साठत नाही. त्यामुळे या भागातल्या विहिरीचे भवितव्य तिच्या खोलीपेक्षा तिथल्या मुरमाच्या जाडीवर आणि भेगांच्या जाळ्यावर अवलंबून असते. एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या दोन विहिरींपैकी एक मेपर्यंत चालते आणि दुसरी जानेवारीतच तळ दाखवते, यामागचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

साठवण किती लहान आहे, हे आकड्यांत पाहणे आवश्यक आहे. खडकातून गुरुत्वाने निथळून निघू शकणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाला विशिष्ट उत्पन्न म्हणतात. देशभर वापरल्या जाणाऱ्या भूजल मूल्यांकन पद्धतीत बेसाल्टसाठी ते १ ते ३ टक्के, सर्वसाधारणपणे २ टक्के धरले जाते. म्हणजे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात विहिरींची पातळी तीन मीटरने वाढली, तर त्या वाढीमागे १० लाख चौरस मीटर गुणिले ३ मीटर गुणिले ०.०२, म्हणजे ६० हजार घनमीटर पाणी आहे. तीन मीटरची वाढ डोळ्यांना मोठी दिसते. शेतकरी विहिरीत डोकावून समाधानाने परत जातो. पण त्या तीन मीटरपैकी ९८ टक्के जागा दगडाचीच आहे. याच गणिताची दुसरी बाजू अशी की थोडे पाणी मुरले तरी पातळी चटकन वर येते आणि थोडा उपसा झाला तरी ती चटकन खाली जाते. बेसाल्टमधल्या भूजलाच्या बाबतीत आशा आणि निराशा दोन्ही लवकर निर्माण होतात, त्या यामुळेच.

पावसातून नैसर्गिकरीत्या किती मुरते, याचाही अंदाज याच मूल्यांकन पद्धतीत दिलेला आहे: झिजलेल्या (विदीर्ण) बेसाल्टमध्ये पावसाच्या सुमारे ७ टक्के, आणि पोकळ्यांच्या व सांधेयुक्त बेसाल्टमध्ये सुमारे १३ टक्के. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या आसपास दक्खनच्या पठारावर ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) वापरून जी निरीक्षणे केली, तीही पावसाच्या आठ टक्क्यांच्या आसपासच येतात. ट्रिटियम मातीत ठरावीक खोलीवर टोचायचे आणि पावसाळ्यानंतर ते किती खाली सरकले हे पाहायचे, असा तो प्रयोग असतो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचणे ही संशोधनात फार आश्वासक गोष्ट असते. ६०० मिलिमीटर पावसाचे ७ टक्के म्हणजे ४२ मिलिमीटर. एका चौरस किलोमीटरवर ते ४२ हजार घनमीटर होतात. पिण्याचे पाणी, जनावरे, खरिपाचे संरक्षित पाणी आणि रब्बी या सगळ्यांचा भार निसर्गतः एवढ्यावरच आहे.

बंधाऱ्यातले पाणी केव्हा मुरते

पुनर्भरणाच्या कामांत केव्हा हा प्रश्न किती या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा ठरतो, हे ओझरच्या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कुठे होत असेल.

साधारण पावसाच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात नाल्याकाठचा मुरूम काठोकाठ भरतो. भूजलाची पातळी नाल्याच्या तळापेक्षा वर येते आणि पाण्याचा प्रवाह जमिनीतून नाल्याकडे सुरू होतो. दिवाळीपर्यंत नाले झुळझुळतात ते या पाझरामुळे. अशा वेळी बंधारा कितीही भरला तरी त्यातले पाणी मुरायला खाली जागाच नसते. बंधारा तुडुंब दिसतो, पण तो पुनर्भरण करत नसतो, उलट भूजलाचाच पाझर अडवून धरत असतो. गावाला आनंद होतो तो नेमका या दृश्याने, आणि मोठमोठे दावेही याच दृश्यावर केले जातात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत रब्बीच्या उपशामुळे आणि नाल्याकडे निघून जाणाऱ्या पाझरामुळे पातळी उतरते, खडकात जागा होते, आणि नेमक्या त्या वेळी बंधाऱ्यात पाणी उरलेले नसते.

ओझरला ही कोंडी सुटली, कारण तिथे वरच्या अंगाला धरण होते. डिसेंबरनंतरच्या आवर्तनात पाटाचे पाणी बंधाऱ्यात सोडता येत होते, म्हणजे खडक रिकामा होऊ लागला असताना. या काळात भूजलाची पातळी नाल्याच्या तळाखाली गेलेली असल्याने उताराची दिशा उलटते आणि पाणी नाल्यातून दोन्ही काठांच्या मुरमात शिरू लागते. ज्या गावांना धरणाचा आधार नाही त्यांनी केवळ बंधारे पाहून ओझरचे अनुकरण केले, तर तेवढेच फळ मिळेल अशी अपेक्षा धरणे रास्त नाही. बंधारा दोन्हीकडे सारखाच असतो. त्याच्यात पाणी येण्याचा महिना वेगळा असतो.

बंधाऱ्याची क्षमताही माफकच आहे, हे लक्षात ठेवावे लागते. समजा, एका बंधाऱ्यामागे ३०० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर खोल पाणी साठते. ते साडेचार हजार घनमीटर, म्हणजे ४५ लाख लिटर झाले. मूल्यांकन पद्धतीत नालाबांध आणि बंधाऱ्यांच्या साठ्यापैकी ५० टक्के पाणी मुरते असे धरतात. वर्षात पाच वेळा तो बंधारा भरला तर ११ हजार २५० घनमीटर मुरेल, जे एका चौरस किलोमीटरवरील पावसाच्या नैसर्गिक पुनर्भरणाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढे आहे. आणि त्या ५० टक्क्यांनाही एक अट जोडलेली आहे: दरवर्षी गाळ काढला जात असला पाहिजे. ही अट कागदावर एका ओळीत येते आणि गावात मात्र तिच्यावरच सारे बिघडते. पहिल्या दोन-तीन पावसांत वाहून आलेला बारीक गाळ तळावर चिकट साय धरतो, आणि खालचा मुरूम रिकामा असूनही वरचे पाणी उभेच राहते व उन्हाने उडून जाते. मुरूम आणि गाळ यांमधला तो बोटभर थर एप्रिलमध्ये कोरड्या बंधाऱ्यात उतरून फावड्याने खरवडला की स्वच्छ दिसतो: वर भेगाळलेली राखाडी पापडी, आणि तिच्याखाली हाताला कोरडा, भुसभुशीत मुरूम.

पातळी आधी येते, पाणी मागाहून

बंधाऱ्यात पाणी सोडल्यावर विहिरीला किती दिवसांत पाणी येते, या प्रश्नावर गावात हमखास वाद होतात. कोणी म्हणतो चौथ्याच दिवशी पाणी चढले. कोणी म्हणतो, ते आमच्या विहिरीचे जुनेच पाणी, पाटाचे कुठले इतक्या लवकर? दोघेही बरोबर असू शकतात, आणि याचे कारण समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाची मोजणी नीट करता येत नाही.

जमिनीखालचे पाणी उताराच्या दिशेने, उताराच्या आणि खडकाच्या वाहकतेच्या, म्हणजे पाणी वाहू देण्याच्या क्षमतेच्या, प्रमाणात वाहते, हा नियम फ्रान्समधील अभियंता हेन्री दार्सी याने १८५६ मध्ये मांडला. समजा, ओझरसारख्या ठिकाणी मुरूम-मांजऱ्याचा थर १० मीटर जाड आहे, त्याची वाहकता दिवसाला ५ मीटर आहे, पातळीचा उतार १०० मीटरला एक मीटर आहे आणि पाणी धरणाऱ्या पोकळ्या २ टक्के आहेत. या गृहीतकांवर पाण्याचा प्रत्यक्ष वेग दिवसाला अडीच मीटर येतो. बंधाऱ्यापासून १०० मीटरवरच्या विहिरीत तेच पाणी पोहोचायला सुमारे ४० दिवस लागतील. पण पातळीतली वाढ दाबाच्या रूपाने पुढे सरकते आणि याच गृहीतकांवर ती १०० मीटर अंतरावर चार दिवसांच्या आसपास जाणवू लागते. बंधाऱ्याजवळच्या पाण्याने पुढच्या पाण्याला ढकलले, म्हणून विहीर चढली; विहिरीत आलेले पाणी मात्र आधीपासून मुरमात असलेलेच होते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. भेगांच्या जाळ्यात प्रत्येक विहिरीसाठी ते बदलतात, आणि एखादी मोठी सांध थेट बंधाऱ्यापासून विहिरीपर्यंत गेलेली असेल तर दोन्ही कालावधी खूप कमी होऊ शकतात.

त्यामुळे निरीक्षण दोन अंगांनी करावे लागते. पहिले अंग पातळीचे. नाल्याला काटकोनात, दोन्ही काठांवर, वाढत्या अंतरावरच्या विहिरी निवडायच्या. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक खूण पक्की करून तिची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची. आणि आवर्तनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर ठरावीक वाराला, मोटर बंद करून पुरेसा वेळ गेल्यावर, पातळी मोजायची. यासाठी फार साधने लागत नाहीत. पोलादी टेपच्या शेवटच्या दोन हातांवर खडू घासायचा, तो विहिरीत सोडायचा आणि वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचे. निळसर पडलेली ती ओली रेघ सेंटीमीटरपर्यंत नेमके माप देते. उंची काढण्याचे काम मात्र टाळता येत नाही. काठापासून पाणी किती खोल आहे एवढेच मोजले आणि काठांची उंची मोजली नाही, तर पाणी कोणत्या दिशेने वाहते हे कधीच सांगता येत नाही, आणि अनेक गावांच्या नोंदी नेमक्या याच कारणाने संशोधनाला निरुपयोगी ठरतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. पाणलोटाच्या ताळेबंदासाठी ते पुरेसे असते. एका आवर्तनाचा परिणाम टिपायला मात्र गावाची स्वतःची आठवड्याची नोंद लागते.

दुसरे अंग पाण्याच्या गुणाचे. धरणाचे पाणी पावसाचे, खडकात फार न राहिलेले, त्यामुळे त्यातले क्षार कमी असतात. विहिरीचे पाणी मुरमात महिनोन्‌महिने राहून आणि खतांचा निचरा घेऊन क्षारट झालेले असते. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्याची विद्युत वाहकता जास्त; ती मोजणारे खिशात मावणारे यंत्र विहिरीत सोडून दर आठवड्याला आकडा टिपला, तर पाटाचे पाणी प्रत्यक्ष येऊन पोहोचल्यावर तो आकडा उतरू लागतो. पातळी आधी चढते आणि विद्युत वाहकता त्यानंतर उतरते. या दोन घटनांमधले अंतर हेच त्या विहिरीच्या आणि बंधाऱ्याच्या नात्याचे सर्वांत विश्वासार्ह माप आहे. ज्या विहिरीची पातळी चढली पण विद्युत वाहकता सबंध हंगामात हललीच नाही, तिला पाटाच्या पाण्याचा लाभ दाबापुरताच मिळाला. आणि जिथे दोन्हींत काहीच बदल झाला नाही, तिथे त्या विहिरीवर पुनर्भरणाची पाणीपट्टी लावण्याचा संस्थेला नैतिक आधार उरत नाही.

नाल्याकाठच्या विहिरीत आवर्तनाच्या काळात उतरून पाहिले की हे सारे भिंतीवर वाचता येते. नाल्याकडच्या बाजूला मुरूम आणि पाषाण जिथे भेटतात, त्या रेषेवर ओलसर पट्टा तयार होतो, त्यावर हिरवट शेवाळ धरते आणि त्यातून बारीक पाझर तुटत-तुटत खाली उतरतो. समोरच्या बाजूची तीच रेषा कोरडी असते. आडवे बोअर मारले असेल तर त्याच्या तोंडातून करंगळीएवढी धार येते. त्या विहिरीचे पाणी कुठून येते, याबद्दल तिच्या मालकाला कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

विहिरीचे पाणी कोणाचे

इथे प्रकरण खडकातून कायद्यात शिरते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा आहे, आणि आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा जमीनमालकाचा अधिकार आजही व्यवहारात त्याच विचाराने चालतो. पाटाचे पाणी सरकारचे, म्हणून त्याची पट्टी. विहिरीचे पाणी आपले, म्हणून ते मोफत. पाटाचे पाणी बंधाऱ्यात सोडले, ते मुरले आणि ४० दिवसांनी विहिरीत आले की तेच पाणी सार्वजनिकाचे खासगी होते. मोजून घेतलेले, संस्थेने पैसे भरलेले पाणी अशा रीतीने नोंदवहीतून नाहीसे होते आणि ज्याची मोटर मोठी त्याच्या शेतात उगवते.

ओझरच्या संस्थांनी याच ठिकाणी वेगळा पवित्रा घेतला. लाभ झालेल्या विहिरीवरचे क्षेत्र सभासदाने जाहीर करायचे आणि त्याची पट्टी भरायची, ही गोष्ट त्यांनी चर्चेतून मान्य करून घेतली. पाटाच्या थेट सिंचनापेक्षा विहिरीतून मिळणारे पाणी शेतकऱ्याला जास्त सोयीचे असते, हा मुद्दा त्या मान्यतेमागे होता, असे मला वाटते. आवर्तन पाटबंधाऱ्याच्या तारखेला येते. विहिरीचे पाणी पिकाच्या तारखेला देता येते. ठिबकला स्वच्छ पाणी लागते आणि मुरमातून गाळून आलेले पाणी स्वच्छ असते. उघड्या चारीतून वाहताना होणारा व्यय टळतो. या सोयीची किंमत म्हणून शेतकऱ्याला उपशाची वीज सोसावी लागते आणि बंधाऱ्यातले अर्धे पाणी न मुरता जाते हेही सोसावे लागते. तरीही टेलच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार नफ्याचाच ठरतो.

या हिशेबातली सर्वांत नाजूक बाब अंतराची आहे. नाल्यालगतची विहीर आणि चढावरची अर्ध्या किलोमीटरवरची विहीर यांना एकच दर लावला तर चढावरच्यावर अन्याय होतो. चढावरच्याला पूर्ण वगळले तर तो संस्थेतूनच मनाने बाहेर पडतो, आणि उद्या बंधाऱ्याच्या गाळ काढण्यासाठी त्याच्याकडे वर्गणी मागता येत नाही. चढावरच्या शेतकऱ्याला थेट चारीचे पाणी प्राधान्याने आणि नाल्याकाठच्याला विहिरीतून, अशी विभागणी केली तर कोट्यातला प्रत्येक घनमीटर एकदाच मोजला जातो. शेतात दिलेल्या पाटाच्या पाण्यापैकीही काही भाग परत मुरतो. पातळी दहा मीटरच्या आत असेल आणि पीक भाताखेरीज असेल तर मूल्यांकन पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के धरतात. म्हणजे चढावर दिलेले पाणी काही अंशी खालच्या विहिरींनाच मिळते. चढावरच्याला आधी पाणी देण्याला भूजलशास्त्राचाही पाठिंबा आहे, आणि संस्थेच्या सभेत हा मुद्दा आकड्यांसह मांडण्यासारखा आहे.

द्राक्षे, शेततळी आणि खालचे जायकवाडी

विहिरींना भरवशाचे पाणी आले की पीक बदलते. गहू-हरभऱ्याच्या जागी द्राक्षाचा मांडव उभा राहतो, आणि मांडवाबरोबर पाण्याच्या मागणीचे वेळापत्रकही बदलते. रब्बीचे पीक मार्चमध्ये निघून जाते. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते, आणि तिच्यानंतरच्या कडक उन्हातच पुढच्या वर्षी फळ देणारी काडी तयार व्हायची असते. खडकातला साठा तळाला लागलेला असताना मागणी शिखरावर असते. हंगामी पीक दुष्काळात एक वर्ष सोडून देता येते; बाग सोडून देता येत नाही. पुनर्भरणाच्या यशानेच निर्माण झालेली ही ताठर मागणी या प्रकरणातला सर्वांत गंभीर प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

त्यावर शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे प्लास्टिकच्या अस्तराचे शेततळे. शेततळ्याची मूळ कल्पना वाहते पाणी अडवण्याची आहे. राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेने तिला मोठे बळ मिळाले. मात्र जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात अस्तर घातलेली अनेक तळी पावसाळ्याच्या शेवटी आणि हिवाळ्यात विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. सर्वांच्या मुरमातले पाणी उचलून ते एकाच्या तळ्यात ठेवले जाते, आणि अस्तरामुळे त्यातला थेंबही परत मुरत नाही. शिवाय ते उन्हात असते. तीस मीटर बाय तीस मीटरच्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर रोज सात हजार लिटरहून अधिक पाणी हवेत जाते. जमिनीखाली ठेवलेल्या पाण्याला हा तोटा जवळजवळ नसतो. बाग वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याने न उचललेले पाणी शेजारी उचलणार हे त्याला ठाऊक असते. पण हा अविश्वास ज्या ठिकाणी नांदतो तिथे पुनर्भरणाचे कोणतेही काम टिकत नाही, हेही तितकेच खरे आहे. खोल बोअरवेलची स्पर्धा याच अविश्वासातून येते. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात, जो २०१४ मध्ये अमलात आला, साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे. बंधाऱ्याचे पाणी ज्या मुरमात मुरते तो थर त्या खोलीच्या कितीतरी वर संपलेला असतो.

या प्रकरणाची आणखी एक कड गोदावरीच्या खालच्या अंगाला आहे. वाघाड धरण गोदावरीच्या वरच्या अंगाच्या पालखेड धरण समूहात मोडते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरण समूहांतून पाणी खाली सोडावे लागते. अशा वर्षी वाघाडच्या कोट्यावरच ताण येतो आणि बंधाऱ्यांसाठी पाणी उरत नाही, म्हणजे ज्या वर्षी पुनर्भरणाची सर्वाधिक गरज तेच वर्ष कोरडे जाते. त्याच वेळी पावसाळ्यात मुरवलेले पाणी धरणाच्या पातळीवर दिसत नाही, त्यामुळे ते खालच्या खोऱ्याच्या नजरेतून सुटते. नाशिक विरुद्ध मराठवाडा या वादात दोन्ही बाजूंनी धरणांचे आकडे मांडले जातात. मुरमातल्या साठ्याचा आकडा कोणाच्याच कागदावर नसतो. ओझरच्या संस्थांजवळ विहिरीवरच्या क्षेत्राची नोंद असल्यामुळे तो अंदाजाने तरी काढता येतो.

पुढील कामासाठी

इतक्या वर्षांच्या अनुभवावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेत तीन बदल तातडीने करण्याजोगे आहेत. पहिला नोंदीचा: बंधाऱ्यात सोडलेल्या प्रत्येक आवर्तनाबरोबर, नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या ठरलेल्या विहिरींची पातळी आणि विद्युत वाहकता आठवड्याला टिपली जावी, आणि ती वही संस्थेच्या कार्यालयात पाणीपट्टीच्या वहीशेजारी ठेवली जावी, म्हणजे दर ठरवताना दोन्ही एकत्र उघडता येतील. दुसरा गाळाचा: बंधारा मेमध्ये कोरडा असताना तळावरची पापडी काढणे हा अंदाजपत्रकातला कायमचा खर्च मानला जावा, देणगी किंवा योजना मिळेल तेव्हाचे काम मानले जाऊ नये. काढलेला गाळ हलक्या रानात पसरायला शेतकरी स्वतःहून नेतात, त्यामुळे वाहतुकीचा बराच भार तसाही हलका होतो.

तिसरा बदल सर्वांत अवघड आहे आणि तो शेततळ्यांचा आहे. लाभक्षेत्रातले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरले जात असेल, तर ते भरणे हा उपसाच आहे आणि सभासदाच्या कोट्यात त्याची नोंद झाली पाहिजे. विहिरीवरचे क्षेत्र जाहीर करण्याची सवय ओझरच्या सभासदांना आहे. तळ्याची लांबी, रुंदी, खोली आणि भरल्याची तारीख त्याच अर्जात वाढवता येईल. जानेवारीनंतर, म्हणजे बंधाऱ्यांतून पुनर्भरण चालू असण्याच्या काळात, विहिरीतून तळे भरायला संस्थेने बंदी घालावी आणि त्याऐवजी ज्याला तळे भरायचे आहे त्याला पाटाचे पाणी मोजून थेट तळ्यात द्यावे, अशी सूचना सभेपुढे ठेवण्यासारखी आहे. तसे झाले तर तळ्यात गेलेले पाणी मीटरवर दिसेल, आणि नाल्याकाठच्या मुरमात सोडलेले पाणी ज्यांच्यासाठी सोडले त्यांच्याच विहिरींत राहील.